घरात मराठी बंद

माझ्याकडे येणारा माणूस खुर्चीत टेकण्याआधी एक प्रश्न विचारतो. बंगाली असेल तर "कॅनो होलो, दिदि?", बिहारकडचा असेल तर "ये हुआ कैसे?" आणि आपल्यापैकी कुणी असेल तर "कशानं झालं हो हे, मॅडम?" मी अडखळत बोलणाऱ्यांवर उपचार करते. ज्यांना आपण तोतरे म्हणून मोकळे होतो, ती माणसं. कोलकात्यात एस्प्लनेडच्या मागच्या एका गल्लीत, चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या आहेत. तेहतीस वर्षं झाली. आता आठवड्यातून दोनच दिवस बसते, कारण जिना चढून आलं की माझंच बोलणं तुटायला लागतं.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी "व्यवसायातले गमतीदार अनुभव" मागितले आहेत. गमती आहेत, एकदोन सांगतेही. पण गेल्या फाल्गुनापासून लिहायला बसलं की हात एकाच घराकडे वळतो, आणि तिथे गंमत नाही. तेव्हा संपादकांनी मोठ्या मनानं घ्यावं.

आधी धंद्यातली एक गोष्ट सांगून टाकते. बोबडं बोलणं वेगळं आणि अडखळणं वेगळं. बोबड्या मुलाला अक्षर नीट म्हणता येत नाही. अडखळणाऱ्याला सगळी अक्षरं येतात, काय बोलायचं तेही पक्कं ठाऊक असतं, फक्त शब्द बाहेर यायच्या वेळी अडतो. कधी पहिलं अक्षर चारचारदा येतं, कधी लांबत जातं, कधी आवाजच फुटत नाही आणि ओठ नुसते घट्ट मिटून राहतात. बहुतेकांचं हे दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतं, मूल भराभर वाक्यं जुळवायला लागतं त्या दिवसांत. पुष्कळांचं आपोआप जातं, काहींचं राहतं. मेंदूत बोलण्याची जी जुळवाजुळव चालते तिच्यात काही मुलांचा जन्मापासून थोडा फरक असतो आणि बरेचदा तो घराण्यातून येतो. एवढंच आम्हाला ठामपणे सांगता येतं. हे उत्तर कुणालाच आवडत नाही, कारण त्यात दोष द्यायला माणूस सापडत नाही.

म्हणून लोक येतानाच आपलं उत्तर घेऊन येतात. कुत्रं अंगावर आलं, त्या धसक्यानं झालं. मामा तोतरा, त्याची नक्कल करता करता लागलं. डावखुरा होता, आम्ही उजव्या हातानं लिहायला लावलं. जीभ जड आहे, टाळूला चिकटते. पोटात असताना हिनं ग्रहण पाहिलं. बंगाली घरात शंखातून पाणी पाजून झालेलं असतं, मराठी घरात वेखंड उगाळून जिभेला लावून झालेलं असतं, आणि दोन्ही घरांतलं मूल तोंड वाकडं करून माझ्याकडे बघत असतं. फोर्ट विल्यमच्या लष्करी छावणीतले एक साताऱ्याकडचे सुभेदार होते. त्यांच्या मते कारण एकच, शिस्त कमी पडली. मुलगा बोलायला लागला की ते मागं उभे राहून "सावकाश! श्वास घे!" अशी आज्ञा सोडायचे. ती ऐकून मीच श्वास घ्यायची विसरत असे. उपचाराचे पहिले तीन आठवडे मी मुलाला सोडून सुभेदारांनाच शिकवलं. शिकवण एवढीच, की मुलगा बोलत असताना थांबायचं. माणूस भला, शेवटी शिकला.

निमाईबाबूंचं तर काय सांगावं. सियालदहच्या घाऊक भाजीबाजारात ते पुकारा करायचे. पहाटेच्या गाड्यांतून परवर, फुलकोबी उतरली की हे पाटावर उभे राहून एका चालीत भाव बोलायचे, पाऊण तास, एकदाही न अडता. आणि फोनवर कुणी नाव विचारलं की घाम. "निमाई"तला पहिला "नि" काही केल्या सुटत नसे. त्यावर त्यांनी शोधलेला तोडगा म्हणजे धाकट्या भावाचं नाव सांगायचं. "गोपाल" त्यांना सहज म्हणता येई. निम्मा बाजार त्यांना गोपालबाबू म्हणूनच ओळखायचा आणि खरा गोपाल बिचारा रस्त्यात कुणी हाक मारली की गोंधळायचा. मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली तेव्हा व्याह्यांसमोर भावाचं नाव सांगायची सोय उरली नाही, म्हणून माझ्याकडे आले. म्हणाले, "जीभ खराप होले ओखाने आटकाय ना कॅनो, दिदि?" जीभ खराब असती तर बाजारात का अडकत नाही, हा त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. चालीवर, ठेक्यावर, चार जणांबरोबर एका सुरात बोलताना बहुतेकांचं अडखळणं जातं. जिभेत दोष असता तर असं झालं नसतं. आणि स्वतःचं नाव सगळ्यांत अवघड, कारण त्याला दुसरा शब्द नसतो. पाण्याला जल म्हणता येतं, निमाईला काय म्हणणार?

हे मी निमाईबाबूंना समजावून सांगितलं होतं, आणि त्याच वर्षी ते माझ्या डोळ्यांसमोर घडत असताना मला दिसलं नाही. त्याचीच ही हकिकत.

अठरा वर्षांपूर्वी तोडकर कुटुंब माझ्याकडे आलं. श्रीकांत तोडकर बँकेत अधिकारी, बदलीवर कोलकात्याला आलेले. बायको मनीषा, बार्शीची. आणि साडेचार वर्षांची ईरा, दोन वेण्या घातलेली, बडबडी, आणि प्रत्येक वाक्याच्या दारात अडणारी. तोडकरांनी आत आल्या आल्या नमस्कार करून व्हिजिटिंग कार्ड माझ्यापुढे ठेवलं आणि बसले. पुढचं सगळं मनीषाच बोलली. मला ते वावगं वाटलं नाही, उलट सभ्य वाटलं. नवरे सहसा बायकोला बोलू देत नाहीत.

मी फॉर्म भरायला घेतला. घरात आणखी कुणी अडखळतं का? मनीषानं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही. मी "नाही"वर खूण केली आणि पुढचा रकाना भरला. तीन सेकंदांचं काम. त्यांना एकट्याला बाजूला घेऊन, चहा पाजून पुन्हा विचारावं असं मला वाटलं नाही. आता मी प्रत्येक बापाला एकट्याला विचारते.

"मग हे कशानं झालं?" मनीषानं विचारलं. सासूबाई म्हणत होत्या की तू पोरीवर ओरडतेस त्यानं झालं. हे सांगताना तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, "छे छे, ओरडण्यानं नाही होत." तिथेच थांबले असते तर माझ्या हातून पुण्य घडलं असतं. पण तिच्या चेहऱ्यावर अजून प्रश्न होता, आणि मला उत्तर देणारी डॉक्टरीण व्हायचं होतं. मी विचारलं, मुलगी कुठल्या भाषा ऐकते? घरात मराठी, कामाच्या मावशींशी बंगाली, सोसायटीत हिंदी, शाळेत इंग्रजी. मला सापडलंच. एवढ्याशा डोक्यात चार भाषा, गोंधळ होणारच! त्या काळी आमच्यातले पुष्कळजण असंच सांगत. मीही पाठ केल्यासारखं सांगितलं, एक भाषा कमी करा.

कुठली? शाळेची तर सोडता येत नाही. रस्त्यावर बंगाली लागणार, शेजारी हिंदी लागणार. उरली ती मराठी. इथे तिचा उपयोग काय, असं मी म्हणाले. हे सगळं मी मराठीतच बोलत होते आणि खूप दिवसांनी कुणाशी तरी पोटभर मराठी बोलायला मिळतंय म्हणून मनातून खुशीत होते.

मनीषा म्हणाली, "पण मॅडम, मला हिंदी धड येत नाही. इंग्रजी तर वाचण्यापुरतंच."

"येईल हो. तिच्याबरोबर तुमचंही सुधारेल."

"आई तर म्हणू दे ना तिला?"

मी म्हटलं, "सवय मोडायची तर पुरती मोडा. घरात मराठी बंद म्हणजे बंद." ह्या वाक्याची मला तेव्हा ऐटही वाटली होती.

त्या आठवड्यापासून ईरा तिला मम्मी म्हणायला लागली.

मी त्यांना एक वही करायला सांगितली. लांब, निळ्या पुठ्ठ्याची. त्यात रोज लिहायचं: मुलगी किती वेळा अडली, कुणाशी बोलताना अडली, आणि घरात मराठी किती वेळा बोललं गेलं. दर शनिवारी मी ती तपासायची. आम्हा लोकांना वह्या तपासायला फार आवडतं. मी त्यासाठी लाल शाईचं पेन ठेवलं होतं.

शनिवारी पाऊण तासाची वेळ. पहिला अर्धा तास ईराचा. आम्ही खेळायचो, संथ बोलायचो, शब्द हलकेच सुरू करायचो, मी तिच्यापेक्षा हळू बोलायची म्हणजे तिला घाई वाटू नये. हा भाग मी चांगला केला, तेवढं श्रेय मी स्वतःला देते. मग तिला बाहेर बाकावर बसवून दार लावायची आणि उरलेला पाव तास मनीषाचा. त्यात ती वही दाखवायची, आणि पाचव्या मिनिटाला म्हणायची, "मॅडम, आता इथं तरी बोलू द्या." आणि मग जी सुटायची! बार्शीतल्या शेजारणी, भगवंताच्या देवळातली जत्रा, कॉलेजातल्या नाटकात तिनं केलेली खाष्ट सासू. नकला तर अशा करायची की मी डोळे पुसत हसायची. आठवड्याचं साठलेलं ती माझ्याकडे आणून ओतायची. मला वाटायचं, बाई किती आनंदी आहे. ही घरी कुणाशी असं बोलत असेल, हा प्रश्न मला पडला नाही. खरं तर त्याचं उत्तर मीच तिच्या वहीत दर शनिवारी लाल शाईनं तपासत होते.

आठेक महिन्यांत ईराचं अडखळणं पुष्कळ कमी झालं. ह्या वयात ते असंही कमीजास्त होतं, लाटेसारखं येतं जातं. पण मी ते मराठी बंद केल्याच्या खात्यात टाकलं. त्यांनी पेढे आणले. श्रीकांतरावांनी हात जोडले, बोलले काहीच नाहीत. पुढे त्यांची बदली झाली, पण इथे मुलीला गुण आला म्हणून मनीषा आणि ईरा कोलकात्यातच राहिल्या. ते रांचीला, मग गुवाहाटीला, मग आणखी कुठे, आणि सुट्टीत इकडे. मनीषाचं नात्यातलं कुणीही इथे नव्हतं.

ह्यानंतर चारपाच वर्षांनी मी एका प्रशिक्षणाला गेले आणि तिथे स्पष्ट शब्दांत ऐकलं, की दोन भाषा, चार भाषा, ह्यांनी अडखळणं होत नाही. घरची भाषा काढून घेतल्यानं ते जातही नाही. उलट मूल ज्या भाषेत आईच्या कुशीत मोकळं असतं, तीच त्याच्याकडून जाते. मी मान खाली घालून टिपून घेतलं. परत आल्यावर नव्या पेशंटांना बरोबर सल्ला द्यायला लागले. जुन्यांतल्या तिघाचौघांना फोन करून सांगितलंही.

तोडकरांना केला नाही. कारण लिहिते, लाज वाटते तरी लिहिते. ती माझी यशस्वी केस होती. इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना माहीत होतं की बँकेतल्या तोडकरांच्या मुलीला मी बरं केलं. पेढे खाऊन बसले होते. आता कुठल्या तोंडानं सांगू की ज्यासाठी तुम्ही घर मुकं केलंत ते गरजेचंच नव्हतं? दर वर्षी मंडळाच्या गणपतीत मनीषा दिसायची. साडी नेसून, प्रसादाच्या रांगेत, मुलीशी तुटक हिंदीत, "इधर आओ", "प्लेट पकडो", "जल्दी करो". हुकमापलीकडची हिंदी तिला कधी आलीच नाही. मला दुरून नमस्कार करायची. मीही करायची. एकदा तर मी जवळ जाऊन "काय म्हणतेस?" विचारलं, आणि ती खुशाली सांगायला लागताच घाईत असल्यासारखं दाखवून निघून आले. सांगायचं राहिलं असं म्हणता येणार नाही, मी सांगितलं नाही.

गेल्या फाल्गुनात एका शनिवारी एक उंच मुलगी जिना चढून आली. कापलेले केस, पाठीवर लॅपटॉपची बॅग. "आंटी, मैं ईईई...रा," ती म्हणाली. नाव अडलं, तशी ती थांबली, न गडबडता पुन्हा घेतलं आणि हसली. ते हसू पाहून मला बरं वाटलं. आपलं अडखळणं न लपवता बोलणारी माणसं मला फार आवडतात. तेरा-चौदाव्या वर्षी ते परत आलं होतं, तिनं सांगितलं. दुसऱ्या एका चांगल्या बाईकडे गेली होती, आता सॉल्ट लेकमधल्या कंपनीत नोकरी करते, मीटिंगमध्ये अडते, लोक थांबतात. त्याबद्दल ती आलीच नव्हती.

तिनं बॅगेतून निळी वही काढली.

घर बदलताना माळ्यावर सापडली, म्हणाली. मम्मीला विचारलं तर "कुछ नहीं, पुराना है" म्हणून तिनं ती रद्दीत टाकली. हिनं काढून घेतली. शाळेत हिंदी शिकल्यामुळे अक्षरं लागत होती, स्वतःचं नाव दिसत होतं, आकडे दिसत होते आणि मधेमधे लाल शाईत "छान!" दिसत होतं. अर्थ लागत नव्हता. "आंटी, ये आपकी रायटिंग है ना? पढ़ के बताइए, मम्मी ने मेरे बारे में क्या लिखा है."

मी चष्मा लावला आणि वाचायला लागले. मराठीत वाचायचं आणि हिंदीत सांगायचं.

"सोमवार. सकाळी सातदा अडली, दुपारी दोनदा. माझी मराठी एकदा. दूध उतू गेलं तेव्हा अगं बाई निघून गेलं."

"बुधवार. पाचदा. मराठी शून्य. दिवसभर फारसं बोललेच नाही म्हणून शून्य." त्याखाली माझ्या अक्षरात लाल शाईनं, "छान! असंच चालू ठेवा."

"शुक्रवार. दुपारी गोष्ट सांग म्हणून मागं लागली. हिंदीत सांगायला गेले, जमेना. अर्ध्यात सोडली. रुसली. मराठी शून्य." लाल शाईत बरोबरची खूण.

"मंगळवार. ताप आहे. पट्ट्या ठेवताना मराठीत बोलले. किती वेळा ते मोजलं नाही. मॅडम, माफ करा."

आणि तिथे समासात मी काय लिहिलं होतं? "हरकत नाही, पण पुन्हा काळजी घ्या."

मी वही मिटली. पुढचं वाचवेना. ईरा हळूहळू, अडत अडत बोलली. हिंदीतच बोलली, मी जमेल तसं मराठीत लिहिते. म्हणाली, "मला लहानपणचं एक आठवतं. मी त्या बाहेरच्या बाकावर बसायची आणि दार बंद असायचं. आतून मम्मीच्या हसण्याचा आवाज यायचा. घरी ती कधीच तशी हसायची नाही. मला वाटायचं, तिला मी आवडत नाही, तुम्ही आवडता. मला वाटायचं, मी अडकते म्हणून ती माझ्याशी बोलत नाही."

माझ्या तेहतीस वर्षांत कुणी मला असं काही सुनावलं नव्हतं, आणि ती सुनावतही नव्हती, नुसतं सांगत होती. मी तिला सगळं सांगितलं. सल्ला माझा होता, तो चुकीचा होता, तो चुकीचा आहे हे मला ती दहा वर्षांची असतानाच कळलं होतं, आणि मी फोन केला नाही. रडले. पेशंटसमोर रडायचं नसतं असं मी शिकाऊ मुलींना सांगत आले आहे, तरी रडले.

ती उठून गेली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आंटी, पापा भी अटकते हैं. आपको पता था?"

हे तिच्या लक्षात येऊन वर्षच झालं होतं. हॉटेलात ते मेनूवर बोट ठेवतात. फोन आला की दुसऱ्याच्या हातात देतात. नाव विचारलं की कार्ड काढतात. अडणाऱ्या माणसाच्या युक्त्या अडणाऱ्यालाच कळतात, तिला एकदम कळल्या. तिनं विचारलं तेव्हा ते कबूल झाले. लहानपणी वर्गात फार चेष्टा झाली होती, बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. मला ते कार्ड आठवलं, माझ्या टेबलावर ठेवलेलं. निमाईबाबूंना स्वतःच्या नावाची एवढी गोष्ट सांगणारी मी, समोरचा माणूस नाव न सांगता कार्ड ठेवतो आणि मला ते सभ्य वाटतं! त्या दिवशी एवढं ओळखलं असतं, तर मनीषाला म्हणता आलं असतं, बाई गं, हे तुझ्या ओरडण्यानं नाही, तुझ्या भाषेनं नाही, हे ह्यांच्या घराण्यातून आलंय आणि त्यात ह्यांचाही दोष नाही. तिनं मान वर केली असती.

ईराचं अडखळणं नेमकं कशानं सुरू झालं, हे मी आजही छातीठोक सांगणार नाही. त्या घरातली अठरा वर्षं कशानं गेली, ते मात्र मला विचारा.

मी ईराला म्हटलं, पुढच्या शनिवारी आईला घेऊन ये.

मनीषा आली. केस पांढरे झालेत, गुडघे दुखतात, जिना चढायला वेळ लागला. लेकीनं हात धरला होता, दोघी एक शब्द न बोलता चढत होत्या. ह्या वेळी मी ईराला बाहेर बसवलं नाही. दोन खुर्च्या शेजारी शेजारी ठेवल्या. वही टेबलावर होती. मनीषानं ती पाहिली आणि चोरी सापडल्यासारखी लेकीकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "मनीषा, मी तुला चुकीचं सांगितलं होतं. मराठीनं काही झालं नव्हतं. बंद करायची काहीच गरज नव्हती. मला नंतर कळलं आणि तरीही मी तुला सांगितलं नाही. मला क्षमा कर असं म्हणायलाही तोंड नाही."

तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ती रडेल, चिडेल, निदान "तुम्ही असं कसं केलंत" म्हणेल. मी त्याची तयारी करून बसले होते. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, म्हणजे आता घरी बोललं तर चालेल ना?"

अठरा वर्षांनीसुद्धा ती माझी परवानगी मागत होती. ह्याच्यापेक्षा तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं घेतल्या असत्या.

"चालेल," मी म्हटलं. "बोल. आत्ताच बोल."

ती लेकीकडे वळली. तोंड उघडलं आणि तशीच राहिली. एवढं साठलेलं, त्यातलं आधी कुठलं काढणार? खाली चष्मेवाल्याचं शटर कुणीतरी वर ढकललं, त्याचा आवाज झाला. शेवटी ती म्हणाली, "जेवलीस का गं?"

सकाळचे साडेदहा वाजले होते. जेवायची वेळ नव्हती आणि दोघी एकाच घरातून आल्या होत्या. पण ईराला प्रश्न कळला. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ती अडली. ओठ मिटले, मान किंचित ताठ झाली, डोळे बारीक झाले. हे घट्ट अडणं मी हजारो वेळा पाहिलं आहे. बघणाऱ्याला वाटतं शब्द आपणच सांगून टाकावा. मनीषा पुढे झुकली, पण मी काही म्हणायच्या आतच थांबली आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिली. असं थांबायला तिला मीच शिकवलं होतं, ह्याच खोलीत, आणि तेवढं एक बरोबर शिकवलं होतं.

"ना... नाही," ईरा म्हणाली. मग पुन्हा अडली, त्याहून जास्त वेळ. मनीषानं घाई केली नाही.

"नाही, आई."